जखम, सूज आणि स्टेरॉइड
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कृषिविद्या विभाग’ असे छापले आहे आणि विषय मात्र जखमेचा आहे. ज्वारी-हरभऱ्याचा हा माणूस जखमेवर काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मी डॉक्टर नाही आणि पशुवैद्यही नाही. आज जे सांगणार आहे ते वाचून, विचारून आणि पशुवैद्यक शाखेतील सहकाऱ्यांकडून तपासून घेतलेले आहे. औषधाच्या मात्रा मी सांगणार नाही. ते काम ज्याचे त्याने करावे. परंतु हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण माझ्या घरात घडले.

माझे वडील कोरडवाहू शेतकरी. चार वर्षांपूर्वी रब्बी ज्वारीच्या काढणीत त्यांच्या नडगीला विळा लागला. जखम फार मोठी नव्हती, दोन बोटे लांब. अशा जखमा आपण शेतात बसून फडके बांधून विसरून जातो. आठ दिवसांत खपली धरते, पंधरा-वीस दिवसांत नवी कातडी येते. वडिलांची जखम सात आठवडे तशीच राहिली. नवल म्हणजे ती सुजली नाही, ठणकली नाही, लाल झाली नाही. कडा फिकट आणि मध्ये ओलसर खाच. ‘दुखत नाही ना, मग भरेल,’ असे आम्ही सगळेच म्हणत होतो.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. तेथील डॉक्टरांनी जखमेकडे थोडे आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे जास्त पाहिले. गाल गुबगुबीत झाले होते, पोट सुटले होते, दंड मात्र काटकुळे. गावात लोक म्हणत, ‘आबा तब्येतीने सुधारले.’ डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘गुडघ्यासाठी काही घेता का?’ घेत होते. आठवडी बाजारात एका विक्रेत्याकडून मिळणाऱ्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ, सहा महिन्यांपासून. पहिल्या पुडीनंतर तिसऱ्या दिवशी वडील काठीशिवाय चालू लागले होते. जडीबुटी म्हणून आम्ही निर्धास्त होतो. डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेले असते आणि वडिलांची सगळी लक्षणे तेच सांगत होती. रक्तातील साखरही वाढलेली निघाली. आणि बंधूंनो, त्या पुड्या दर पंधरा दिवसांनी मीच आणून देत होतो. कृषी पदव्युत्तर शिक्षण झालेला मी, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षर वाचल्याशिवाय झाकण उघडू नका असे आपणास सांगणारा.

तर स्टेरॉइड म्हणजे काय, येथून सुरुवात करू. हे एका औषधाचे नाव नाही, ते एका कुळाचे नाव आहे. कार्बनच्या चार कड्या एकमेकींना जोडलेल्या, तीन सहा कोनांच्या आणि एक पाच कोनांची, असा सांगाडा ज्या पदार्थांत असतो ते सर्व स्टेरॉइड कुळातले. या सांगाड्याला कोठे काय चिकटले आहे यावर त्याचा गुण ठरतो. गायीला माजावर आणणारे इस्ट्रोजेन, गाभ टिकवून ठेवणारे प्रोजेस्टेरॉन, वळूला वळूपण देणारे टेस्टोस्टेरॉन ही सर्व स्टेरॉइड संप्रेरके आहेत. वनस्पतींतही ती आहेत. मोहरीवर्गीय रेप या पिकाच्या परागकणांतून ब्रासिनोलाइड हे संप्रेरक १९७९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. मधमाश्यांनी गोळा केलेले सुमारे २३० किलो पराग वापरले, तेव्हा हाती काही मिलिग्रॅम आले. आपल्यापैकी जे द्राक्ष बागायतदार होमोब्रासिनोलाइड फवारतात, ते त्याच्याच भावकीतील आहे. त्याने घडावर जे काम होते त्याचा आपल्या जखमेशी संबंध नाही. कूळ एक असले तरी प्रत्येकाचे काम निराळे, एवढेच ध्यानात ठेवावे.

जखमेच्या बाबतीत ज्याचा विचार करायचा ते कॉर्टिसॉल. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात हे संप्रेरक तयार होते. माणसात होते तसे बैलातही होते. उपास, भीती, आजार, थंडी अशा संकटात ते वाढते, रक्तात साखर उपलब्ध करून देते आणि शरीराचा दाह आटोक्यात ठेवते. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही औषधे म्हणजे याच कॉर्टिसॉलची कारखान्यात केलेली भावंडे. भावंडे म्हटली तरी ताकद सारखी नाही. दाह कमी करण्याच्या बाबतीत डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलच्या सुमारे २५ पट प्रभावी धरले जाते.

आता जखम कशी भरते ते पाहू. आपल्या शेताचा बांध पावसात फुटला तर आपण काय करतो? प्रथम वाहते पाणी अडवतो. मग आत आलेला गाळ, फांद्या, दगड बाहेर काढतो. त्यानंतर नवी माती भरतो आणि शेवटी ती चोपून, दाबून घट्ट करतो. शरीर याच क्रमाने जाते. पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते. त्यानंतरचे तीन-चार दिवस साफसफाईचे. रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात, जंतू मारतात, मेलेले मांस उचलतात. याच काळात जखम लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. आपण याला त्रास समजतो, पण ही कामाची गडबड आहे. या पांढऱ्या पेशींतील काही पेशी पुढच्या गड्यांना सांगावाही धाडतात. चौथ्या दिवसापासून नवे मांस भरू लागते. जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालसर दाणे दिसतात, त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या आणि कोलॅजन नावाचे चिवट धागे विणणाऱ्या पेशी असतात. कडेने कातडी आत सरकते, जखम आक्रसते. हे दोन-तीन आठवडे चालते. धागे आवळून पक्के होण्याचे काम मात्र पुढे वर्षभरही चालू राहते आणि एवढे करूनही नव्या कातडीला मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्केच बळ येते. म्हणून बैलाच्या खांद्यावर खपली पडली की दुसऱ्या दिवशी जू ठेवणे योग्य नाही. वरून भरलेली जखम आत कच्ची असते.

स्टेरॉइड या सर्वांत नेमके कोठे आडवे येते? पहिल्याच पायरीवर. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेपर्यंत जाऊ देत नाही. बांध फुटला त्या सकाळीच गडी माघारी पाठवावेत, तसे. शेतात गडबड नाही, आवाज नाही, दिसायला सारे शांत. पण गाळ तेथेच आहे. सूज उतरते, ठणका थांबतो, लाली जाते आणि आपल्याला वाटते गुण आला. पुढे कोलॅजन विणणाऱ्या पेशी कमी वाढतात, नव्या रक्तवाहिन्या कमी फुटतात, कडेची कातडी आत सरकेनाशी होते. जखमेत जंतू शिरले तरी ताप-सूज नसल्याने लवकर कळत नाही. वडिलांची जखम न दुखता सात आठवडे उघडी राहिली ती यामुळे. न दुखणे हेच तेथे वाईट लक्षण होते.

हे ज्ञान नवे नाही. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. थोड्याच दिवसांत ती हिंडू-फिरू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइकश्टाइन यांना या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच सुमारास, १९४९ मध्ये, सशांवरील प्रयोगांत आढळून आले होते की कॉर्टिसोन दिलेल्या सशांच्या जखमेत नवे मांस नीट भरत नाही. म्हणजे औषधाचा गुण आणि दोष जवळजवळ एकाच वेळी माहीत झाले. बाजारातील पुडीवाल्याने आपल्यापर्यंत गुण तेवढा पोहोचवला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी डॉक्टरांशी भांडायला जाल. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. दम्याचा जोराचा झटका, अंगावर उठणारी जीवघेणी ॲलर्जी, काही सांध्यांचे आणि मूत्रपिंडाचे रोग यांत ते जीव वाचवते. गायीच्या कितनबाधेतही पशुवैद्यक त्याचा उपयोग करतात. काही जणांच्या जखमेचा व्रण गरजेपेक्षा जास्त वाढून जाड, खाजरा होतो, त्याला कीलॉइड म्हणतात. त्यात डॉक्टर मुद्दाम स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, कारण तेथे कोलॅजनची वाढ रोखायचीच असते. ज्या गुणामुळे वडिलांची जखम भरली नाही, त्याच गुणाचा तेथे उपाय होतो.

मुदतीलाही महत्त्व आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या अभ्यासांवरून असे दिसते की दहा दिवसांपेक्षा कमी काळ घेतलेल्या स्टेरॉइडचा जखम भरण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. महिनाभराहून अधिक काळ घेत असलेल्यांत मात्र जखमेच्या तक्रारी २ ते ५ पट वाढू शकतात. प्राण्यांवरील प्रयोगांत आणखी एक बाब आढळली. जखमेच्या आधी किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलेले स्टेरॉइड जास्त नडते, सफाईचे दिवस उलटल्यावर दिलेले कमी. आपण नेमके उलटे करतो. जनावर लंगडले, खांदा सुजला की पहिल्याच दिवशी ‘सूज उतरवणारी सुई’ मागतो.

खांदेसुजीबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण अजूनही कित्येक ठिकाणी नांगरट-कोळपणी बैलावरच आहे. नवा बैल, ओबडधोबड जू, एका बाजूला जास्त भार, त्यात पावसाने भिजलेला खांदा. दोन दिवसांत खांदा सुजतो. पेरणीची घाई असते. गावात कोणीतरी सुई टोचणारा असतोच, त्याचे शिक्षण कोणी विचारत नाही. सुई दिली की सकाळी सूज निम्मी. बैल पुन्हा जुवाखाली. आतील इजा मात्र तशीच, वर तीच घासणी आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी माघारी पाठवलेल्या. आठ-दहा दिवसांत गळू होते, फुटते, माश्या बसतात, अळ्या पडतात आणि मग पेरणीच काय, हंगामच जातो. खांदेसुजीवर पहिला उपाय म्हणजे विश्रांती आणि जू तासून गुळगुळीत करणे. तो फुकट आहे, म्हणून आपल्याला पटत नाही.

गाभण जनावराच्या बाबतीत तर फारच सावध राहिले पाहिजे. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत डेक्सामेथासोनसारख्या औषधाने वेळेआधी वेत होऊ शकते किंवा गाभ टाकला जाऊ शकतो. दुभत्या जनावराचे दूध घटू शकते. जी सुई आपण पायाच्या जखमेसाठी दिली तिने वासरू गमावले, हे पुष्कळदा लक्षातही येत नाही, कारण दोहोंचा संबंध कोणी लावत नाही. म्हणून सुई टोचण्यापूर्वी जनावर किती महिन्यांचे गाभण आहे हे स्वतःहून सांगावे, औषधाचे नाव कागदावर लिहून घ्यावे आणि दूध किती दिवस वापरायचे नाही तेही विचारावे. लाळ्या-खुरकुतात खुरांत जखमा होतात, २०२२ च्या लंपी साथीत अंगावरील गाठी फुटून जखमा झाल्या. असे रोग विषाणूंचे असतात आणि अशा वेळी प्रतिकारशक्ती दडपणारे औषध अंदाजाने टोचणे म्हणजे राखणदाराला बांधून ठेवण्यासारखे आहे. सूज-वेदनेवर स्टेरॉइड नसलेली औषधेही आहेत, पण त्यांतील निवड पशुवैद्यकावर सोपवावी. गिधाडांना घातक ठरल्यामुळे डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे हेही लक्षात असावे.

आता मलमाकडे वळू. घरोघरी फळीवर एक नळी असते. खाज, गजकर्ण, भाजणे, कापणे, सगळ्याला तीच. त्यातील बऱ्याच मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असते, सोबत एखादे जंतुनाशक. लावताच खाज थांबते म्हणून विश्वास बसतो. गजकर्णावर लावले तर लाली जाते आणि बुरशी खुशाल पसरते. उघड्या जखमेवर लावले तर ती भरायला उशीर. पुष्कळ दिवस एकाच जागी लावले तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, जरा घासली की फाटते. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नळीवर घटकांची नावे छापलेली असतात. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’, ‘सोलोन’ दिसले तर लावण्यापूर्वी विचारावे. ही काही पक्की कसोटी नव्हे, पण घराच्या पातळीवर उपयोगी पडते.

शरीरातील स्वतःच्या कॉर्टिसॉलचाही परिणाम होतो काय? होतो. अमेरिकेत १९९५ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध झाला की स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावरील, मुद्दाम केलेली साडेतीन मिलिमीटरची जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले. १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम एकदा सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर करण्यात आली. परीक्षेच्या वेळी त्याच विद्यार्थ्याला ४० टक्के जास्त वेळ लागला. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले तर ते परीक्षा रद्द करा म्हणतील. ताणात संप्रेरकांचा तोल बदलतो, हे त्यामागील एक कारण मानले जाते. भगिनींनी विशेष लक्ष द्यावे: मासिक पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते आणि त्यामुळेही जखम भरण्याचा वेग मंदावतो. पन्नाशी-साठीतल्या आईची टाच किंवा बोट कापले आणि पंधरवड्यात भरले नाही, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. त्यात मधुमेह निघण्याचीही शक्यता असते.

माझ्या विषयाशी जवळची गोष्ट आहाराची. १९६८ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की स्टेरॉइडमुळे रोडावलेली जखम ‘अ’ जीवनसत्त्वाने पुष्कळशी सुधारते, कारण दडपलेली साफसफाईची पायरी पुन्हा सुरू होते. याचा अर्थ ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाव्यात असा मुळीच नाही. ते जास्त झाले तर विषारी ठरते, गरोदर स्त्रीला तर फारच. पण जखमी जनावराला चार महिने उन्हात पडलेल्या पिवळ्या कडब्यावर ठेवणे बरोबर नाही, कारण हिरव्या वैरणीतील कॅरोटिन वाळवणीत आणि साठवणीत झपाट्याने कमी होते. ‘अ’ जीवनसत्त्व शरीर त्यापासूनच करते. थोडा लसूणघास, शेवग्याचा पाला, बांधावरचे हिरवे गवत जे मिळेल ते द्यावे. नवे मांस हे प्रथिनांचे असते, म्हणून पेंडही हवी. माणसाच्या ताटातही डाळ, अंडी, पालेभाजी, पेरू-आवळा हाच हिशेब.

आणि ज्यांच्या घरी अशा पुड्या चालू आहेत, त्यांनी माझे पुढचे वाक्य नीट ऐकावे. त्या आजच्या आज बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड येत राहिले की शरीरातील ग्रंथी आपले काम थांबवते. पुडी एकदम तोडली तर ग्रंथी लगेच जागी होत नाही, तिला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. मधल्या काळात गळून जाणे, उलट्या, रक्तदाब खाली येणे, प्रसंगी जीव जाणे, इतपत धोका असतो. पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जा, ती दाखवा, ते मात्रा हळूहळू उतरवतील. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया, पुडीची गोष्ट आधी सांगा. लाजू नका. मी सांगितली नव्हती, त्यात सात आठवडे गेले.

साध्या जखमेचे म्हणाल तर भरपूर स्वच्छ पाणी आणि साबणाने धुणे, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवणे, धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवणे. चुना, तंबाखू, शेण, राख यांपैकी काही भरू नये. जनावराची जखम धुवायला पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी पाणी चालते, जांभळे करू नये, त्याने कातडी भाजते. आणि माश्या बसू देऊ नयेत.

वडिलांच्या गोळ्या डॉक्टरांनी पाच महिन्यांत उतरवत आणल्या. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडा प्रथमच लाल झाल्या, ठणका लागला. वडील रात्री कण्हू लागले तसे आम्ही घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जखम पाहिली आणि म्हणाले, ‘छान.’ पुढे दीड महिन्यात ती भरली. गुडघे मात्र पुन्हा दुखू लागले आणि त्याबद्दल वडील अजून मला बोलतात. काठी घेऊन शेतावर जातात. व्रण पांढुरका आहे, वहाणेचा बंद घासला की सोलतो, म्हणून तेथे पट्टी बांधतात.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. घरातील औषधांची वेष्टने ज्यांनी आणली आहेत त्यांनी डाव्या बाजूच्या टेबलाशी यावे, तेथे आमचे पशुवैद्यक सहकारी बसले आहेत.